मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती आणि घरातून निघायचं कधी?

२०१८च्या मे महिन्यात आई, बाबा आणि मी डोंबिवलीहून न्यू जर्सीला धाकट्या बहिणीकडे निघालो. तिघांचाही पहिलाच परदेश प्रवास. तिकिटाची प्रिंट फ्रिजवर चुंबकाखाली लावली होती आणि बाबांनी तारखेभोवती लाल पेनने गोल केला होता. १२ मे, वेळ ००.५५. त्याप्रमाणे १२ तारखेला रात्री नऊची गाडी सांगून ठेवली होती.

११ तारखेला संध्याकाळी साडेसातला बहिणीचा फोन आला, "निघालात ना?" आई तेव्हा ओट्यापाशी चकल्या डब्यात भरत होती.

००.५५ म्हणजे १२ तारीख सुरू होऊन फक्त ५५ मिनिटं झालेली. म्हणजे विमान त्याच रात्री होतं! पुढच्या दीड तासात घरात काय झालं ते सांगत बसत नाही. विमान मिळालं. पण त्या गडबडीत बाबांच्या बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या आणि बॅग विमानाच्या पोटात. बाबा म्हणाले, "जाऊ दे, रात्री एकला सुटून सकाळी सातला पोचतोय. सहा तासांचा तर प्रवास. उतरल्यावर घेईन." तिकिटावर तसंच दिसत होतं: सुटणार ००.५५, पोचणार ०७.०५. प्रत्यक्षात आम्ही १५ तास ४० मिनिटं हवेत होतो. सकाळची गोळी चुकली आणि नेवार्कला (न्यूयॉर्कलगतचा न्यू जर्सीतला विमानतळ) उतरताना बाबा डोकं धरून बसले होते.

दोन्ही चुका एकाच प्रकारच्या. तिकिटावरचे आकडे आम्ही एसटीच्या वेळापत्रकासारखे वाचले. त्यानंतर मी दोनदा जाऊन आले, आई-बाबा एकटे जाऊन आले आणि नात्यातल्या चार-पाच घरांना मी हे सगळं बसून समजावलं. तेच इथे क्रमाने लिहिते.

१. अंतर: भिंतीवरचा नकाशा बाजूला ठेवा

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. तुलनेसाठी आणखी काही अंतरं, सगळी अंदाजे: दुबई १,९००, सिंगापूर ३,९००, लंडन ७,२००, सिडनी १०,१००, सॅन फ्रान्सिस्को १३,५००.

सपाट नकाशावर मुंबईहून न्यूयॉर्कला सरळ रेघ ओढली तर ती आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. विमान तसं जात नाही. घरात मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा आपोआप वर सरकतो: मध्य आशिया, रशिया, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडाचा पूर्व किनारा आणि मग न्यूयॉर्क. गोलावर दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा मार्ग हाच. समोरच्या स्क्रीनवर विमान उत्तरेला चाललेलं पाहून आई घाबरली होती, म्हणून हे आधीच दाखवून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रत्यक्ष मार्ग मात्र दोऱ्यासारखा तंतोतंत नसतो. कोणत्या देशाचं आकाश कोणत्या कंपनीला बंद आहे, त्यावर वळसा ठरतो. पाकिस्तानने २०१९मध्ये काही महिने आपली हवाई हद्द बंद ठेवली होती आणि एप्रिल २०२५मध्ये ती भारतीय विमानांना पुन्हा बंद केली. अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना २०२२पासून रशियावरून उडता येत नाही. त्यामुळे त्याच दोन शहरांसाठी एका कंपनीचा वेळ दुसरीपेक्षा तासभर जास्त दिसला तर ती छापण्यातली चूक समजू नका.

२. हवेतला वेळ: सोपा हिशोब

मी वापरते ती पद्धत अशी. किलोमीटरला ८५०ने भागा आणि चढण्या-उतरण्याची पाऊण तास भर घाला. न्यूयॉर्कसाठी १२,५०० भागिले ८५० म्हणजे साधारण १४ तास ४० मिनिटं, अधिक ४५ मिनिटं, म्हणजे साडेपंधरा तासांच्या आसपास. लंडनसाठी सव्वानऊ तास. वळसा आणि वारा यामुळे यात तासभर इकडेतिकडे होतं.

वाऱ्याची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विमान उडतं त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून मुंबईला परतायला बहुतेक वेळा कमी वेळ लागतो.

एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हा करत. आज आपण न थांबता त्याच्या कितीतरी पुढे जातो. पण शरीराला ते पंधरा तास बसूनच काढावे लागतात, हे घरातल्या मोठ्या माणसांना स्पष्ट सांगा.

३. घड्याळ: सगळ्यात जास्त गोंधळ इथेच

नियम एकच. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. दोघांची थेट वजाबाकी करायची नाही.

न्यूयॉर्क आपल्या मागे आहे. उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा तास. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. लंडन आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. तिथे घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात.

आता आमचंच विमान घ्या. सुटलं ००.५५, त्यात १५ तास ४० मिनिटं मिळवा, म्हणजे मुंबईत दुपारचे ४.३५. त्यातून साडेनऊ तास वजा करा, सकाळचे ७.०५. जुळलं. बाबांची गोळी सकाळी आठची, म्हणजे ती विमानातच घ्यायची होती. हा हिशोब आधी कागदावर केला असता तर ती खिशात राहिली असती.

परतीचा हिशोब उलटा. समजा जुलैच्या २० तारखेला दुपारी १२ला तिकडून निघालात आणि प्रवास साडेचौदा तासांचा आहे. तिकडे २१ तारखेचे पहाटे अडीच झाले, त्यात साडेनऊ मिळवा: मुंबईत २१ तारखेचे दुपारचे १२. तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे +१ दिसतं ते याचसाठी, दुसऱ्या दिवशी पोचणार. त्या छोट्याशा आकड्याकडे लक्ष न गेल्याने विमानतळावर एक दिवस आधी घ्यायला गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

तोंडी हिशोबाच्या दोन युक्त्या. न्यूयॉर्कसाठी रात्रीचं सकाळ करा आणि उन्हाळ्यात अडीच, हिवाळ्यात दीड तास मिळवा. आपल्याकडे रात्रीचे आठ, तर तिकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा. लंडनसाठी तर काट्याचं घड्याळ हातातून काढून उलटं धरा. मुंबईचे दुपारचे साडेतीन असताना उलट्या घड्याळात दहा दिसतात आणि हिवाळ्यात लंडनला तेव्हा सकाळचे दहाच वाजलेले असतात. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवा. आईला हे इतकं आवडलं की तिने ते सोसायटीत सगळ्यांना करून दाखवलं.

(आपल्या मुंबईनेही १९५५पर्यंत भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ जपली होती. तेव्हा घड्याळाची ही ओढाताण आपल्याला नवी नाही.)

४. तारीख: मध्यरात्रीचा सापळा

मुंबईहून अमेरिका-युरोपची बरीच विमानं मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात. तिकिटावर १२ तारीख आणि वेळ ००.०१ ते ०४.००च्या मधली असेल, तर तुम्हाला घर सोडायचं आहे ११ तारखेला. हे तिकिटावर कुठेच लिहिलेलं नसतं.

तिकीट हातात आलं की त्याच दिवशी कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहू नका. घरातून निघायची तारीख, वार आणि वेळ लिहा: "११ मे, शुक्रवार, संध्याकाळी ६.३०". गाडीवाल्यालाही वारासकट सांगा. आमच्याकडे आता असंच लिहितात, लाल पेन तेच आहे.

५. थेट जायचं की थांबत

आई-बाबांसारखी पहिल्यांदा जाणारी माणसं असतील तर माझं मत थेट विमानाच्या बाजूने आहे, थोडे पैसे जास्त पडले तरी. पंधरा तास बसणं अवघड आहे, पण अनोळखी विमानतळावर गेट शोधत फिरणं त्याहून अवघड.

थांबा घ्यायचाच असेल तर आधी अंतर बघा. अबू धाबीमार्गे न्यूयॉर्क म्हणजे साधारण २,००० अधिक ११,०००, एकूण १३,००० किलोमीटर. वळसा जवळपास नाहीच. सॅन फ्रान्सिस्कोला सिंगापूरमार्गे गेलात तर ३,९०० अधिक १३,६००, म्हणजे थेट अंतरापेक्षा तब्बल ४,००० किलोमीटर जास्त. स्वस्त तिकिटाची किंमत कधी कधी अशी तासांत मोजावी लागते.

मग या गोष्टी तपासा:

- दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत. माझ्या मावसभावाने एजंटच्या सांगण्यावरून दोन वेगळी तिकिटं काढली होती. पहिलं विमान दोन तास उशिरा पोचलं, दुसरं निघून गेलं आणि दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडाले. एकाच तिकिटावर असता तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीचं काम होतं.
- मधला वेळ. ज्येष्ठांसाठी तीन तासांपेक्षा कमी नको, सहापेक्षा जास्त नको. दीड तासाची जोडणी तिकिटावर छान दिसते, पण टर्मिनल बदलायचं असेल तर जीव मेटाकुटीला येतो.
- मधल्या देशाचा व्हिसा. काही देशांत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. अमेरिकेत तर लागतोच; टोरांटोला जाताना न्यूयॉर्कला विमान बदलणार असाल तरी अमेरिकेचा व्हिसा हवा. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर तिकीट काढण्याआधी बघा, एजंटच्या शब्दावर राहू नका.
- बॅगा कुठे मिळणार. अमेरिकेत ज्या पहिल्या शहरात उतराल तिथेच साधारणपणे बॅगा घेऊन, कस्टम्स पार करून, पुन्हा द्याव्या लागतात, पुढे देशांतर्गत विमान असलं तरी. येताना दिल्लीला उतरून मुंबईला येणार असाल तर तेच.

अबू धाबीची एक खास गोष्ट: अमेरिकेला जाणाऱ्यांची अमेरिकी इमिग्रेशन तपासणी तिथेच होते. रांग तिथे लागते, म्हणून मधला वेळ भरपूर ठेवा. मात्र न्यूयॉर्कला उतरल्यावर देशातल्या देशात आल्यासारखं सरळ बॅगा घेऊन बाहेर.

६. कागद

एका पारदर्शक फोल्डरमध्ये, हातातल्या पिशवीत:

- पासपोर्ट, शक्यतो सहा महिन्यांहून जास्त मुदतीचा, आणि व्हिसा
- जाण्या-येण्याच्या तिकिटाची छापील प्रत. मुंबईत टर्मिनलच्या दारातच ती विचारतात, फोनची बॅटरी संपली तर अडचण
- जिथे राहणार तिथला पत्ता आणि फोन, इंग्रजीत, मोठ्या अक्षरात
- प्रवास विमा
- औषधांची डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासकट
- थोडे डॉलर, सुट्ट्या नोटांत

तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का हे तिकीट काढतानाच बघा. वडिलांचं नाव मध्ये असणं-नसणं हा आपल्या मराठी नावांचा नेहमीचा घोळ.

७. बॅगा

औषधं हातातल्या पिशवीत, पूर्ण प्रवासाची आणि वर दोन दिवसांची. हे वाक्य मी कितीही वेळा लिहीन. इन्सुलिन किंवा ठरलेल्या वेळेच्या गोळ्या असतील तर वेळा कशा सरकवायच्या ते डॉक्टरांना आधी विचारा, मनाने बदलू नका.

पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात, मोठ्या बॅगेत कधीच नाही. २०,००० एमएएचची चालते, ती ७४ वॉट-अवरची होते आणि मर्यादा १००ची आहे. हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी पातळ वस्तू नको. लोणच्याची बरणी, तुपाचा डबा तिथेच काढून घेतात. सुकं खोबरं घरीच ठेवा, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात आणि बॅग उघडायला लावतात. अमेरिकेत ताजी फळं, बिया आणि कढीपत्ता नेता येत नाही. चकल्या, लाडू, मसाले जे काही नेताय ते कस्टम्सला सांगून टाका. सांगितलेल्या वस्तूसाठी दंड होत नाही, फार तर ती ठेवून घेतात. लपवलेल्यासाठी होतो.

८. घरातून कधी निघायचं

आता मुंबईचा भाग, आणि इथे कुणाचंही गणित चुकू शकतं.

आधी विमानतळ कोणता ते बघा. सहारचं टर्मिनल २, सांताक्रूझचं टर्मिनल १ आणि डिसेंबर २०२५पासून सुरू झालेला नवी मुंबई विमानतळ, अशी तीन ठिकाणं आता आहेत. तिकिटावर बीओएम (BOM) असेल तर मुंबई, एनएमआय (NMI) असेल तर नवी मुंबई.

मग उलट मोजत या. आंतरराष्ट्रीय विमानाचं चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं. आमच्यासाठी ते रात्री ११.५५. त्याआधी रांग, बॅगेचं वजन जास्त भरलं तर खाली बसून सामान इकडचं तिकडे करणं, व्हीलचेअरची वाट बघणं. म्हणून मी साडेनऊला टर्मिनलच्या दारात असायचं धरते, सुटण्याच्या साडेतीन तास आधी. डोंबिवलीहून शिळफाटा, ऐरोली, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आणि मग सहारचा उन्नत रस्ता, कोरड्या दिवशी दीड ते दोन तास. मी अडीच-तीन धरते. म्हणून साडेसहा.

जून ते सप्टेंबरमध्ये आणखी एक तास. अंधेरी सबवेत पाणी भरलं की आजूबाजूचे सगळे रस्ते तुंबतात. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र येणार असतील तर दुपारीच निघून विमानतळाजवळ कुणा नातेवाइकाकडे बसा. गणपती विसर्जनाच्या दिवशीचं तिकीट शक्य असेल तर काढूच नका. पुण्याहून येणाऱ्यांनी बोरघाटाचा शनिवार-रविवार लक्षात घ्यावा.

एकच बॅग असलेल्या तरुण प्रवाशाला मेट्रो ३ उत्तम, टर्मिनल २चं स्टेशनच आहे. आई-बाबांना चार बॅगांसकट तिथे पाठवू नका. आणि रात्री उशिरा उतरणार असाल तर शेवटची गाडी किती वाजता ते आधी बघा.

सगळं मिळून आमचा हिशोब असा झाला: घर ते विमानतळ अडीच तास, विमानतळावर साडेतीन, हवेत १५ तास ४० मिनिटं, उतरून इमिग्रेशन आणि बॅगा दोन, बहिणीच्या घरी एक. जवळपास पंचवीस तास. तिकीट दाखवत होतं सहा!

९. व्हीलचेअर आणि विमानातले तास

व्हीलचेअर मागायला संकोच करू नका. टर्मिनल २मध्ये काउंटर ते गेट चालायला बरंच लांब आहे आणि तिकडे इमिग्रेशनच्या रांगेत तास-दीड तास उभं राहावं लागतं. किमान ४८ तास आधी कंपनीला कळवा आणि तिकिटावर नोंद झाली का ते विचारून घ्या. बाबा आधी "मी काय आजारी आहे?" म्हणून चिडले होते. दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच आठवण केली.

चालायच्या वाटेलगतची (आइल) जागा घ्या, दर दोन तासांनी उठून चाला, पोटऱ्या हलवा, पाणी पीत राहा. पायाला सूज, हृदयाचा त्रास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर निघण्याआधी डॉक्टरांचा सल्ला हवाच. विमानातल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितका असतो.

१०. उतरल्यावर

इमिग्रेशनला विचारतात: कशाला आलात, कुठे राहणार, किती दिवस. खरं, थोडक्यात आणि तिघांचं सारखं उत्तर द्या. इंग्रजीची भीती वाटत असेल तर पत्त्याचा कागद पुढे करा.

दिवस-रात्रीची उलटापालट सुरळीत व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. पहिले चार दिवस आई पहाटे तीनला उठून बहिणीच्या स्वयंपाकघरात पोहे भिजवत होती. दुपारी झोपू न देता दोघांना उन्हात फिरवून आणलं, तेव्हा कुठे बसलं. पोचल्या दिवशी पाहुणे बोलावू नका.

मी तीन आठवड्यांनी परतले. आई-बाबा दिवाळी बहिणीकडे करून १० नोव्हेंबरला निघाले. तोवर तिकडची घड्याळं मागे गेली होती आणि फरक साडेनऊचा साडेदहा झाला होता. बाबांनी निघायच्या आदल्या रात्री पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन रकाने आखले: तिकडची वेळ, मुंबईची वेळ, गोळी. आधी साडेनऊने मांडलं, मग खोडून साडेदहाने. तो कागद शर्टाच्या खिशात आणि गोळ्यांची पट्टी त्याच्या मागे. सहारला त्यांना घ्यायला मी गेले तेव्हा तिन्ही गोळ्यांपुढे बरोबरच्या खुणा होत्या.